तीन अटी आणि एक कॅमेरा

नागपूरहून सेवाग्राम म्हणजे जेमतेम पाऊणशे किलोमीटर. आमच्या शाळेची सहल वर्षाआड तिकडे जायची. इतिहास शिकवणाऱ्या बाई म्हणून मुलांना रांगेत उभं करून माहिती सांगायचं काम माझ्याकडे असे. आदि निवास, बा कुटी, बापू कुटी, आखरी निवास... आणि बापू कुटीपासून जवळच परचुरे कुटी. मुलं तोवर दमलेली असत, डबे उघडायची घाई असे. त्यामुळे परचुरे शास्त्रींबद्दल मी दोन वाक्यं सांगायची आणि पुढे निघायचं. त्या दोन वाक्यांमागे केवढा ऐवज आहे, हे निवृत्तीनंतर निवांतपणे वाचायला लागले तेव्हा उमगत गेलं. आज त्याच ऐवजाविषयी लिहितेय. खरं तर परचुरे शास्त्रींपेक्षाही त्यांच्या एका फोटोविषयी, आणि तो काढणाऱ्या माणसाविषयी.

फोटो तुम्ही बहुतेकांनी पाहिला असेल. १९४० सालचा. गांधीजी खाली वाकून एका रुग्णाची शुश्रूषा करताहेत. तो रुग्ण म्हणजे दत्तात्रय वासुदेव परचुरे शास्त्री, संस्कृतचे गाढे विद्वान आणि सत्याग्रही. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजी आणि ते एकाच काळात होते. त्यांना कुष्ठरोग झाला. त्या काळी ह्या रोगावर खात्रीचं औषध नव्हतं आणि समाजाने रोग्यासाठी एकच जागा ठेवलेली होती, गावाबाहेर. शास्त्रीबुवा सेवाग्रामला आले तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं, आपल्या कुटीजवळ त्यांच्यासाठी झोपडी बांधवली आणि रोजच्या रोज स्वतःच्या हाताने त्यांचं मालीश केलं. पुढे ३० जानेवारी हा दिवस आपल्याकडे कुष्ठरोग निवारण दिन म्हणून पाळला जाऊ लागला, तो याच नात्यामुळे.

आता प्रश्न असा की त्या झोपडीपाशी कॅमेरा घेऊन कोण उभं होतं?

उत्तर आहे कनू गांधी. इथे एक खुलासा आधीच करते, कारण आमच्या नातेवाईकांत ह्यावर एकदा जोरदार वाद झालेला आहे. जुहूच्या वाळूत गांधीजींच्या काठीचं टोक धरून पुढे पळणारा लहान मुलगा, तो १९३७ सालचा प्रसिद्ध फोटो आठवतो ना? तो मुलगाही कनूच, पण तो रामदास गांधींचा मुलगा, म्हणजे गांधीजींचा नातू. तो पुढे अमेरिकेत शास्त्रज्ञ झाला आणि २०१६ मध्ये वारला. आपला कनू वेगळा. हा गांधीजींचे पुतणे नारणदास यांचा मुलगा, जन्म १९१७ चा. आश्रमी वातावरणातच वाढलेला. त्याला डॉक्टर व्हायचं होतं म्हणतात, पण तो गांधीजींच्या कचेरीत पत्रव्यवहार आणि हिशेब बघण्यात गुंतला. वर्ध्याला त्याच्या डोक्यात कॅमेऱ्याचं वेड भरवलं शिवाजी भावे यांनी, म्हणजे विनोबांच्या धाकट्या भावाने. (भावे बंधूंचं हे काम फारसं कुणी सांगत नाही. गीता आणि भूदान यापलीकडे आपली नजर जात नाही.)

गांधीजींनी आधी सरळ नकार दिला. आश्रमाकडे कॅमेऱ्यासाठी पैसे नाहीत! मग घनश्यामदास बिर्लांनी कनूला शंभर रुपये दिले. त्यात रोलायफ्लेक्स कॅमेरा आणि एक फिल्म आली. गांधीजींनी परवानगी दिली ती तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही. मला कधीही 'असे बसा, इकडे बघा' म्हणायचं नाही. आणि आश्रम ह्या कामाला एक पैसाही देणार नाही. पुढे कलकत्त्याच्या 'अमृत बझार पत्रिके'ने फोटोंपोटी महिना शंभर रुपये द्यायला सुरुवात केली, तेव्हा फिल्मचा खर्च निघू लागला.

१९३८ पासून दहा वर्षं त्याने ह्या तीन अटी पाळून काम केलं. मला वाटतं, आपल्या देशात छायाचित्रकाराला इतक्या कडक आणि इतक्या उपयोगी अटी दुसऱ्या कुणी घातल्या नसतील. उपयोगी का म्हणते, ते सांगण्यासाठी थोडं यंत्राबद्दल बोलावं लागेल.

रोलायफ्लेक्स हा जर्मन कॅमेरा, १९२९ पासून बाजारात आलेला. त्याला एकाखाली एक अशी दोन भिंगं. वरच्यातून फोटो काढणारा बघतो, खालच्यातून फिल्मवर चित्र उमटतं. तो डोळ्याला लावायचा नसतो. गळ्यात अडकवून पोटाशी धरायचा आणि वरून मान खाली घालून काचेवरचं चित्र बघायचं. ते चित्रही डावं-उजवं उलटं दिसतं, म्हणजे माणूस उजवीकडे चालला की काचेवर डावीकडे सरकतो. सवय व्हायला वेळ लागतो म्हणे. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो, सहा सेंटीमीटर गुणिले सहा सेंटीमीटर. आवाज अगदी हलका.

आता हे यंत्र घेतलेला विशीतला मुलगा नजरेसमोर आणा. तो समोरच्यावर काही रोखत नाही. त्याचा चेहरा झाकलेला नाही, उलट मान खाली आहे. नमस्काराला वाकल्यासारखी! घरातलाच पोरगा कोपऱ्यात काहीतरी खुडबुड करतोय, एवढंच समोरच्याला जाणवणार. त्यामुळे त्याचे गांधीजी फोटोसाठी बसलेले वाटतच नाहीत. ते टेलिफोनवर बोलताहेत, वजनकाट्यावर उभे आहेत, रेल्वेच्या डब्याच्या खिडकीतून हात बाहेर काढून हरिजन निधीला पैसे मागताहेत. उन्हापासून बचाव म्हणून डोक्यावर चक्क उशी घेतलेला त्यांचा एक फोटो आहे. वर्ध्याचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला ती उशी हास्यास्पद वाटणार नाही.

फ्लॅशबंदीचा परिणाम आणखी खोल. बापू कुटी मातीची, छप्पर उतरतं, आत खिडकीतून येईल तेवढाच उजेड. त्या काळची फिल्म मंद. कमी उजेडात झडप जास्त वेळ उघडी ठेवावी लागे आणि तेवढ्यात कुणी हललं की चित्र फिसकटे. कनूच्या कितीतरी फोटोंत काही कडा पुसट आहेत, कुठे निम्मा चेहरा काळोखात गेलाय. पूर्वीच्या परीक्षकांनी त्यांना नापास केलं असतं. आज मात्र त्याच काळोखापायी लोक त्यांच्यासमोर थबकतात. खोलीत खरोखर जेवढा उजेड होता तेवढाच तिथे आहे.

ह्याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून बघा. १९४६ मध्ये 'लाइफ' मासिकाची मार्गारेट बर्क-व्हाइट पुण्याला गांधीजींचा फोटो काढायला आली. जगप्रसिद्ध बाई. गांधीजींच्या माणसांनी तिला सांगितलं, आधी चरखा चालवायला शिका, मग फोटो. ती चिडली, पण शिकली! त्यातून तो गांधीजींचा मौनाचा दिवस. फ्लॅश चालणार नाही असं आधी सांगितलेलं. बऱ्याच विनवण्यांनंतर तीन फ्लॅशबल्बची मुभा मिळाली. पहिले दोन्ही प्रयत्न वाया गेले, तिसऱ्याला साधलं. पुढे चरखा आणि मागे वाचत बसलेले गांधीजी, हा जगभर गाजलेला फोटो म्हणजे तो तिसरा बल्ब. फोटो अप्रतिम आहे, त्यात वाद नाही. गंमत पुढे आहे. १९९७ नंतर ॲपल कंपनीने आपल्या संगणकांच्या जाहिरातीत तोच वापरला. 'हिंद स्वराज्य' लिहिणारा माणूस संगणक विकायच्या कामी आला. मी वर्गात हे सांगितलं असतं तर मुलं खो खो हसली असती.

पण गांधी यंत्राचे शत्रू होते हे वाक्य मीही कधी वर्गात सरसकट सांगितलं नाही. सिंगरच्या शिवणयंत्राचं त्यांनी कौतुक केलेलं आहे, कंबरेला घड्याळ लटकवलेलं होतं, सेवाग्रामला टेलिफोन होता. सही हवी तर हरिजन निधीला पाच रुपये टाका, असा रोखठोक व्यवहारही होता. प्रसिद्धीची ताकद ते पुरती ओळखून होते. त्यांचा प्रश्न यंत्राला नसे, यंत्र कुणाच्या ताब्यात आणि कुणाच्या जिवावर, ह्याला असे. कॅमेऱ्याला घातलेल्या तीन अटी हे मला त्या प्रश्नाचंच उत्तर वाटतं.

आणि अटींच्याही पलीकडे एक नकार होता. फेब्रुवारी १९४४ मध्ये आगाखान पॅलेसच्या कैदेत कस्तुरबांनी गांधीजींच्या मांडीवर प्राण सोडला. कनू तिथे होता. त्या क्षणाचा फोटो घ्यायला गांधीजींनी मनाई केली. कनूने घेतला नाही. केवढा मोठा 'ऐतिहासिक' फोटो हुकला, असं आजच्या वृत्तवाहिनीवाल्याला वाटेल. मला तसं वाटत नाही. गेल्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका घरी अंत्यदर्शनाला गेले होते. तिरडीभोवती सहा मोबाइल वर झालेले. परदेशातल्या मुलासाठी एक चालू होता, ते मी समजू शकते. बाकीचे पाच कुणासाठी? हा प्रश्न मी तिथे मोठ्याने विचारला नाही, इथे विचारते.

कनूचं दैव मात्र विचित्र. नौखालीच्या दंगलीनंतर गांधीजींनी त्याला तिथल्या गावात कामासाठी ठेवलं. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत गांधीजींच्या एका बाजूला मनू आणि दुसऱ्या बाजूला आभा होत्या. आभा म्हणजे कनूची बायको. कनू स्वतः शेकडो मैल दूर नौखालीत. दहा वर्षं ज्याची सावली टिपली त्याच्या शेवटच्या प्रवासाचे फोटो दुसऱ्यांनी काढले, त्यात फ्रान्सचा कार्तिए-ब्रेसाँही होता. कनू पुढे राजकोटजवळ ग्रामसेवेचं काम करत राहिला आणि १९८६ मध्ये गेला. त्याचे फोटो मात्र पाठ्यपुस्तकांत, कॅलेंडरांवर, सरकारी पोस्टरांवर फिरत राहिले, बहुतेकदा त्याच्या नावाशिवाय. तसं तर आपल्या नोटेवरचा गांधीजींचा चेहराही एका खऱ्याखुऱ्या फोटोतूनच घेतलाय. १९४६ चा, लॉर्ड पेथिक-लॉरेन्स यांच्याबरोबरचा. १९९६ पासून तो आपल्या खिशात आहे. मी त्याची नोट भाजीवाल्याला देते तेव्हा छायाचित्रकाराचा विचार माझ्या मनात येत नाही, तुमच्याही येत नसणार.

२०१५ मध्ये दिल्लीच्या नजर फाउंडेशनने 'कनूज गांधी' हे पुस्तक काढलं. प्रशांत पंजियार आणि संजीव सेठ ह्या दोघांनी ते फोटो निवडले आणि जुळवले. त्यानंतर कनूची गणना एकदम कलावंत छायाचित्रकारांत होऊ लागली. आश्रमाची नोंद म्हणून काढलेले फोटो मोठ्या आकारात, पांढऱ्या भिंतीवर, खालून दिवे सोडून लागले. ह्याबद्दल माझ्या मनात दोन्ही बाजू आहेत. आनंद आहेच, नाव परत मिळालं. पण भिंतीवर गेलं की फोटोचं काम बदलतं. परचुरे शास्त्रींचा फोटो १९४० मध्ये लोकांना एक गोष्ट सांगत होता, की ह्या रोग्याला हात लावता येतो. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्येच कुष्ठधाम सुरू केलं होतं आणि पुढे बाबा आमट्यांचं आनंदवन झालं. त्या सगळ्या कामाच्या ओळीत तो फोटो बसतो. प्रदर्शनात त्याच फोटोपुढे उभा असलेला माणूस छायाप्रकाश किती सुंदर आहे म्हणतो. चूक नाही. पण शास्त्रीबुवा कुठे गेले?

नागपुरात बसून हा प्रश्न विचारला की दीक्षाभूमी आठवल्याशिवाय राहत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला आमच्या शहरात जे घडलं त्याने 'हरिजन' हा शब्दच मोडीत काढला. दुसऱ्याने आपली सेवा करावी, आपल्यावर दया करावी आणि त्या दयेचा फोटो निघावा, हे आता आम्हाला नको, असं लाखो माणसांनी सांगितलं. त्या नजरेने परचुरे शास्त्रींचा फोटो पुन्हा पाहिला तर जाणवतं की आपण सगळे गांधीजींकडेच बघतो. (शास्त्रीबुवा जातीने ब्राह्मण होते, पण रोगाने त्यांनाही गावकुसाबाहेर काढलंच होतं.) फोटोच्या मधोमध कोण आणि कडेला कोण, हा प्रश्न नुसता कलेचा नसतो.

म्हणूनच मला सुधारक ओलवे यांचं काम महत्त्वाचं वाटतं. हे आमच्या विदर्भातले, जन्म अकोल्याचा, १९६६ चा. मुंबईत जे. जे. मध्ये शिकले, वृत्तपत्रांत छायाचित्रकार झाले. नोकरी सांभाळून त्यांनी वर्षानुवर्षं मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो काढले. गटारात छातीपर्यंत उतरलेला माणूस, कचऱ्याच्या ढिगात हात घातलेली बाई, आणि मग त्याच माणसांचं घर, लग्न, दारूचा पेला, पोरांचा अभ्यास. ह्या कामाला २००५ मध्ये नॅशनल जिओग्राफिकचा पुरस्कार मिळाला, २०१३ मध्ये पुस्तक झालं, २०१६ मध्ये ओलव्यांना पद्मश्री मिळाली. ह्या फोटोंत सेवा करणारा मोठा माणूस कुठेच नाही. कामगार स्वतःच मधोमध आहे, आणि पुष्कळदा तो सरळ आपल्या डोळ्यांत बघतो. कनूच्या कामात कुणी कॅमेऱ्याकडे बघू नये हा नियम होता. इथे बघणं हाच मुद्दा आहे. हाताने मैला साफ करवून घेण्याविरुद्ध एक कायदा १९९३ मध्ये झाला, दुसरा २०१३ मध्ये. तरी गटारात गुदमरून मेलेल्यांच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. मग फोटोचा उपयोग काय, असं आमच्या कट्ट्यावरचे एक निवृत्त इंजिनिअर विचारतात. कायदा लिहिणाऱ्याला निदान 'आम्हाला माहीत नव्हतं' असं म्हणता येत नाही, एवढा तरी उपयोग नक्की आहे.

आता शेवटच्या आणि मला सर्वांत अवघड वाटणाऱ्या भागाकडे येते.

मागच्या दिवाळीत आपल्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर मी परचुरे शास्त्रींचा फोटो टाकला होता. तासाभरात पुण्याच्या नातवाचा प्रश्न आला, "आजी, हा एआयवाला आहे ना?" तो उद्धटपणे विचारत नव्हता. त्याने त्याच आठवड्यात गांधीजी सेल्फी काढताहेत असं चित्र पाहिलं होतं. ती चित्रं एका कलाकाराने २०२३ मध्ये गंमत म्हणून बनवली आणि ती जगभर पसरली. त्याच वर्षी बोरिस एल्डागसेन नावाच्या जर्मन कलावंताने एका मोठ्या छायाचित्र स्पर्धेत बक्षीस मिळवलं आणि मग ते नाकारलं. चित्र यंत्राने बनवलं होतं, आणि परीक्षकांच्या हे लक्षात येतं का तेच त्याला बघायचं होतं. ज्या मुलाने हे सगळं पाहिलंय त्याने संशय घेतला तर त्याला बोल कसा लावणार?

तसं खोटं करायला एआय लागतच नाही. जुलै १९४६ मध्ये मॅक्स डेसफर ह्या अमेरिकन छायाचित्रकाराने मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात नेहरू आणि गांधी खळखळून हसताना टिपले. कुणीतरी नेहरूंना कापून तिथे एक गोरी बाई चिकटवली. ते चित्र वर्षानुवर्षं फिरतंय आणि आपल्या गटावरही दोनदा आलंय. (पाठवणाऱ्यांची नावं सांगत नाही, वाचत असतीलच.) शिवाय आताच्या फोनमध्ये आपण एकदा बटण दाबलं तरी तो एकामागून एक अनेक चित्रं घेतो आणि त्यांतून एक उजळ चित्र तयार करतो. आमच्या देवघरात समईच्या उजेडात नातवाने काढलेला फोटो बघितला. देव्हाऱ्यामागची भिंतीची चीर त्यात स्वच्छ दिसते. मला डोळ्यांनी ती समईच्या उजेडात कधीच दिसलेली नाही. तो फोटो खोटा म्हणायचा का? खोटा नाही. पण जेवढा उजेड होता तेवढाच तो नाही, हेही खरं.

नातवाला मी फोनवर जे सांगितलं ते थोडक्यात असं. फोटोकडे नुसतं बघून खरं-खोटं ठरवायचे दिवस गेले. कुणी काढला, कुठे, कधी, त्याला तिथे कुणी उभं राहू दिलं, हे विचार. ह्या फोटोच्या बाबतीत काढणाऱ्याचं नाव आहे, साल आहे, त्याला घातलेल्या अटी माहीत आहेत. झोपडी अजून जागेवर आहे, जाऊन बघता येते. परचुरे शास्त्रींबद्दल गांधीजींनी लिहिलेली पत्रं आहेत. एवढे साक्षीदार एका बाजूला मांडले की मग त्या चित्रावर विश्वास ठेवायला हरकत नाही. तो म्हणाला, "म्हणजे फोटोपेक्षा बाकीचंच जास्त महत्त्वाचं?" मी म्हटलं, हो बापा, तुझ्या पिढीला तरी तसंच.

आता नातेवाईकांसाठी एक काम. माझ्याकडे शाळेच्या सेवाग्राम सहलींच्या निगेटिव्हची दोन पाकिटं आहेत. गांधीजींनी लावलेल्या पिंपळाखाली मुलांचे समूहफोटो, शाळेच्या साध्या कॅमेऱ्याने काढलेले, तेही बाराचे रोल आणि तेही चौकोनी. पाकीट उघडलं तर व्हिनेगरचा वास आला. जुनी फिल्म उष्णतेने आणि दमटपणाने कुजायला लागली की असा वास येतो, आणि एका पट्टीचं दुसरीला लागतं. नागपूरचा उन्हाळा आणि त्यामागून येणारा पावसाळा दोन्ही तिला मारक. तुमच्या कपाटांत, ट्रंकांत अशी पाकिटं असतील तर आधी वास घेऊन बघा. वास येणाऱ्या पट्ट्या वेगळ्या काढा, प्लास्टिकमधून कागदाच्या पाकिटात घाला, आणि पाकिटावर पेन्सिलने साल, गाव आणि फोटो काढणाऱ्याचं नाव लिहा. स्कॅन करायचं काम धाकट्या भाच्याने अंगावर घेतलंय. डिसेंबरात तो नागपूरला येतोय, तोवर सगळं माझ्याकडे पोचवा.